पत्रिकेवरची नावं

दिवाळीचा फराळ संपतो, थंडी पडू लागते, साखर कारखान्याचा भोंगा पहाटे ऐकू यायला लागतो आणि आमच्या तालुक्याच्या गावातून ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग सरकू लागते. बरोबर त्याच सुमारास माझ्या घरी एक पाकीट येतं. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगची निमंत्रणपत्रिका. छापलेलं असतं ‘वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ’, पण त्या नावानं त्याला गावात कुणी ओळखत नाही. माझी आजी शाळेची पायरीही चढली नव्हती, तीसुद्धा ‘ग्यादरिंग’च म्हणायची.

सदतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कुठलाही छापील कागद हातात आला की मी तो शेवटून वाचतो. कर्जाच्या अर्जात अर्जदार आपल्याविषयी काय म्हणतो ते पुढे असतं आणि जामीन कोण राहिलंय ते मागे. गॅदरिंगच्या पत्रिकेचंही तसंच. पुढच्या पानावर अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि ‘प्रमुख उपस्थिती’. मागच्या पानावर एकांकिका, नाच, नकला, समूहगीत आणि त्यांत भाग घेणाऱ्या मुलामुलींची बारीक टाइपातली नावं. मी आधी ती वाचतो. आडनावांवरून घरं ओळखतो. हा पलीकडच्या मळ्यातला, ही आमच्या शाखेतल्या जुन्या शिपायाची नात, हा नदीपलीकडच्या वाडीवरचा. अर्धा तास मजेत जातो.

२०२४च्या डिसेंबरात पत्रिका आली तेव्हा सवयीनं मागचं पान उघडलं. त्यावर एका ऑर्केस्ट्राचं रंगीत चित्र होतं आणि खाली डीजेची वेळ. पुढच्या पानावर मान्यवरांची अकरा नावं होती. मुलांचं एकही नव्हतं.

पत्रिका दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग आठवलं, की या कागदाला माझीही संमती आहे.

त्याचं असं झालं. कॉलेजच्या सांस्कृतिक समितीवर माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी बसतो. निवृत्त बँकवाला म्हटला की खर्चाचे कागद आपोआप त्याच्यापुढे सरकतात. दसऱ्यानंतरच्या बैठकीत एक कोटेशन आलं. मांडव, रोषणाई, ध्वनी, ऑर्केस्ट्रा, डीजे, सूत्रसंचालक, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. आमच्या कॉलेजात नऊशे मुलं. म्हणजे डोई दोनशे रुपये. तालमींसाठी वर्ग उघडे ठेवायला नकोत, भांडणं नकोत, ‘माझा नाच का काढला’ म्हणून रुसवेफुगवे नकोत. प्राचार्यांनी विचारलं, “साहेब, तुमचं काय मत?” मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “आकडा वाजवी आहे.” झालं! ठराव पास.

कार्यक्रमही ठरल्याप्रमाणे पार पडला. मुलं नाचली, मोबाइलवर चित्रण झालं, रात्री दहाच्या ठोक्याला डीजे थांबला. सकाळी मैदानावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उरल्या. तक्रार कुणाचीच नव्हती. पण मला काही हिशोब लागेना. पूर्वी बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही की पाच रुपयांच्या फरकासाठीसुद्धा सगळ्यांना थांबावं लागे. खर्च वाजवी, काम चोख, माल वेळेवर, मग फरक कुठं पडतोय? तसं काहीसं माझं झालं. तो फरक शोधत शोधत मी सत्तेचाळीस वर्षं मागं गेलो.

१९७७चा डिसेंबर. मी अठरा वर्षांचा. आमचं कॉलेज तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं. शाळेकडून मागून आणलेली बाकं एकमेकांना काथ्यानं बांधून रंगमंच केला होता. त्यावर सतरंजी. मध्येच एखादं बाक हलायचं, मग पात्रं आपोआप त्या जागेपासून चार हात दूर उभी राहायची. पडद्यासाठी बाजारपेठेतल्या कापड दुकानदारानं ताग्यातला मांजरपाट दिला होता, ‘डाग पडला तर पोरांनो तुमच्याच गळ्यात’ या अटीवर. दिवे मंद करण्यासाठी फिजिक्सच्या लॅबमधल्या साहाय्यकानं मातीच्या बरणीत मिठाचं पाणी घालून डिमर बनवला होता. दोन पत्रे जवळ नेले की उजेड वाढायचा, लांब नेले की मंदावायचा. त्या उघड्या पाण्यातून घरातली वीज खेळत होती हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा आम्ही त्याच्याकडे जादूगाराकडे पाहावं तसं पाहत होतो.

एकांकिका बसवली होती इंग्रजीच्या सरांनी. अडचण एकच होती. नाटकात बहिणीचं काम होतं आणि काम करायला मुलगी मिळत नव्हती. एक मुलगी तयार होती, पण तिचे वडील तलाठी, स्वभावानं कडक. सर तीनदा त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या खेपेला होकार मिळाला, तोही अटींवर. तालीम दिवेलागणीच्या आत संपली पाहिजे आणि तिची आई तालमीला बसेल. आई येऊन बसायच्या. मांडीवर परात, परातीत निवडायचे तांदूळ. पंधरा दिवसांत त्यांना सगळ्यांची भाषणं पाठ झाली. कुणी अडखळलं की मान वर न करता पुढचा शब्द सांगायच्या. नाटकात प्रॉम्प्टर मी होतो आणि माझ्यापेक्षा त्या सरस होत्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

प्रयोग चाळीस मिनिटांचा. शेड भरून बाहेर माणसं उभी होती. मफलर, घोंगड्या, शाली. एकांकिका फार मोठी नव्हती आणि आम्हीही काही बहाद्दर नट नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना लोक वळून बघत होते. पत्रिकेवर आमची नावं होती. माझं शेवटच्या ओळीत, त्यातही वेलांटी चुकलेली.

पुढच्या मे महिन्यात त्या मुलीचं लग्न झालं आणि ती आमच्या आठवणीतून गेली.

२००३ साली मी दुसऱ्या जिल्ह्यात शाखाधिकारी होतो. एक दिवस एक बाई खातं उघडायला आल्या. शाखेत शिक्षिका-बिक्षिका बऱ्याच येत, तशा वाटल्या. फॉर्म भरता भरता थांबल्या आणि म्हणाल्या, “ओळखलं नाहीत ना? प्रॉम्प्टर तुम्हीच होता ना?” नावावरून ओळखणं शक्यच नव्हतं. सासरी आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडीवर फाटलेला एक पिवळा कागद. आमची ती पत्रिका.

“एवढं जपून ठेवलंत?” मी विचारलं.

“माझं माहेरचं नाव छापलेलं एवढंच आहे हो, साहेब. मार्कलिस्टवर आहे, पण ते हातानं लिहिलेलं.”

“लग्नपत्रिकेत असेल की.”

त्या हसल्या. “चि. सौ. कां. म्हणून आहे. पण ते वडिलांनी छापलं. हे मी मिळवलेलं.”

२०२४ची पत्रिका हातात घेऊन मी बसलो होतो तेव्हा मला हे वाक्य आठवलं आणि माझा फरक सापडला. दोनशे रुपये डोई खर्चात मुलांना सगळं मिळालं होतं. मिळवायला मात्र काहीच ठेवलं नव्हतं.

वाचकहो, म्हातारपणी जुनं ते सोनं वाटतं, हा आरोप माझ्यावर होईल. म्हणून थोडं माझ्या गावाबाहेर पाहू या. आम्ही सांगली जिल्ह्यातली माणसं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन मानतो. ते नाटक उभं राहिलं ते सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयावर. पुढे नाटक मंडळ्या आल्या आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक आश्रयदाता झाला. स्वातंत्र्यानंतरच्या मराठी नाटकाला आणखी एक आश्रयदाता लाभला, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तो म्हणजे कॉलेज. मुलांच्या फीमधले चार पैसे, एखादा रिकामा वर्ग आणि एखादा वेडा मास्तर, एवढ्या भांडवलावर हा आश्रय चालला.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजच्या नावानं घसा फोडणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते वातावरण वेगळं सांगायला नको. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघे पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. मेडिकल कॉलेजात नाटक हा विषय नव्हता आणि आजही नाही. तरी १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक आणि नाना फडणवीस अशा दोन्ही जागी हे कॉलेजातून आलेले डॉक्टर उभे होते.

२०२२ साली याच पुरुषोत्तम स्पर्धेत परीक्षकांनी एकही संघ करंडकाच्या योग्यतेचा नसल्याचं सांगून करंडक कुणालाच दिला नाही. मोठी चर्चा झाली. कुणी परीक्षकांना धारेवर धरलं, कुणी मुलांना. करोनाच्या दोन वर्षांनी तालमीची सवयच मोडली होती, असंही काही म्हणाले. मला वाटलं, जमिनीखाली पाणी आटलं की आधी खेड्यातल्या विहिरी कोरड्या पडतात, शहरातल्या नळाला ते उशिरा कळतं. मोठ्या स्पर्धेत उतरणारा मुलगा कुठून तरी येतो. त्यानं आधी बाकांच्या रंगमंचावर हात-पाय मारलेले असतात.

आणि नट घडवणं हा गॅदरिंगचा मुख्य उद्देश कधीच नव्हता. आमच्या एकांकिकेतल्या सात जणांपैकी एकही नट झाला नाही. एक वकील झाला, एक ऊस लावतो, एक जण वीज मंडळात होता. एक जण बँकेत गेला. कर्ज नाकारताना माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचं असतं, हे त्याला कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवलं गेलं नाही. विंगेत उभं राहून तो ते शिकला होता. आपली वेळ येईपर्यंत गप्प राहायचं, दुसरा अडला तर हळूच शब्द पुरवायचा आणि टाळ्या त्यालाच घेऊ द्यायच्या, हेही त्याला तिथंच कळलं.

तरीसुद्धा आजच्या प्राचार्यांना दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. मी समितीवर बसलो तेव्हा मला अडचणी कळल्या, त्या खऱ्या आहेत. पूर्वी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. दिवाळीची सुटी संपली की नाताळपर्यंत कॉलेज मोकळं असायचं. आता सेमिस्टर. एक परीक्षा संपेपर्यंत दुसरीचे अंतर्गत गुण भरायची वेळ येते. सांस्कृतिक विभाग ज्याच्या गळ्यात पडतो तो प्राध्यापक बहुधा तासिका तत्त्वावरचा. पुढच्या जूनमध्ये तो इथं असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसतं. तो तालमी कशाच्या जोरावर घेणार? १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका थांबल्या. मारामाऱ्या गेल्या हे चांगलं झालं, पण पदरमोड करून गॅदरिंग उभं करणारे निवडून आलेले जी.एस.ही गेले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. तेही योग्यच.

सगळ्यांत मोठी अडचण एसटीची. आमच्या कॉलेजात आता निम्म्याहून जास्त मुली आहेत. १९७७ साली मी हे स्वप्नातही पाहिलं नसतं. पण साडेपाचची शेवटची गाडी चुकली तर त्यांना वाडीवर जायला काही नाही. तालीम सहाला म्हटलं की निम्मं कॉलेज आपोआप बाद. शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाइल. रंगमंचावर एखादी चूक झाली तर ती रात्रीत गावभर फिरते. मुलींचे आईबाप धास्तावतात ते उगीच नाही.

जुन्या गॅदरिंगमध्ये सगळं सोन्यासारखं होतं असंही नाही. शेलापागोट्यांचा कार्यक्रम आठवा, ज्याला नंतर फिशपाँड म्हणू लागले. त्यात विनोद होता, पण कितीतरी मुली त्या दिवशी कॉलेजला यायच्याच नाहीत, कारण निनावी चिठ्ठीतून काय वाचलं जाईल याचा नेम नसे. ते बंद पडलं याचं मला दुःख नाही. तेव्हा जुनं गॅदरिंग जसंच्या तसं परत आणा असं मी म्हणत नाही. ठेकेदाराला दिलेलं काम मुलांच्या हाती परत द्या, एवढंच म्हणतो.

हे मला सुचलं, असा मोठेपणा घेणार नाही. जानेवारी २०२५मध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी घरी आली. दारातच म्हणाली, “काका, यंदा गॅदरिंगमध्ये आमचं काही का नव्हतं?” काय उत्तर देणार? मी आत बोलावलं. तिनं पिशवीतून दोनशेपानी वही काढली. “मी एक एकांकिका लिहिलीय. तुम्ही बँकेत होता म्हणून दाखवायला आणली. त्यात हप्त्याचं आहे.”

वाचली. एका वस्तीवर दर गुरुवारी कर्जाच्या हप्त्याची वसुली करणारा माणूस येतो. बायकांचा गट आहे, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांनी भरायचा. एका गुरुवारी एक बाई उसात लपून बसते. बाकीच्या चौघी आधी तिच्यावर चिडतात, मग तिला शोधायला निघतात. बस्स, एवढंच. काही ठिकाणी भाषणं लांबलेली होती, शेवट घाईत केला होता. पण चौथ्या पानावर मी थांबलो. त्या वसुलीवाल्याच्या तोंडी अशी काही वाक्यं होती, जी मी टेबलाच्या या बाजूनं सदतीस वर्षं म्हटली होती. दुसऱ्या बाजूला ती कशी ऐकू येतात हे मला एकोणीस वर्षांच्या मुलीनं दाखवलं.

पुढच्या बैठकीत मी पहिल्यांदा माझी चूक सांगितली आणि मग कागद पुढे केला. रक्कम तीच ठेवली, एक लाख ऐंशी हजार. ध्वनी, प्रकाश आणि मांडवाला साठ हजार. आठ रविवार येऊन मुलांना शिकवील अशा नाटकवाल्या माणसाला प्रवासासह चोवीस हजार. कपडे, रंगभूषा, वाद्यांचं भाडं अठरा हजार. तालमीच्या दिवसांचा चहा-नाश्ता आणि एसटीभाडं पंधरा हजार. बक्षिसं दहा, छपाई आठ. तीस हजारांचा कायमचा पडदा शिवायचा. उरलेले पंधरा हजार पुढच्या वर्षाची सुरुवात म्हणून शिल्लक. प्राचार्य बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. म्हणाले, “साहेब, आकडा वाजवी आहे.” टोमणा होता. मला तो लागायलाच हवा होता.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात सहशालेय विषयांना श्रेयांक मिळतात. त्यात खेळ, राष्ट्रीय सेवा योजना यांच्याबरोबर नाटक, संगीत, नृत्य या कलाही आल्या. म्हणजे तालमीला वेळापत्रकात जागा मागता येते. ती आम्ही मागितली आणि तालमी भर दुपारी, साडेबारा ते अडीच ठेवल्या. एक भीती मात्र वाटते. जे मनापासून व्हायचं ते उद्या फॉर्म भरण्यापुरतं उरेल. बँकेत क्रेडिट म्हणजे जमा. आधी काहीतरी खात्यात पडावं लागतं, मग ते पासबुकात उमटतं. नुसतं पासबुक भरून कुणाचं भागत नाही. श्रेयांकाची नोंद करणाऱ्या सरांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

२० डिसेंबर २०२५, शनिवार. नाताळच्या आधीचा आठवडा. गॅदरिंग दुपारी दोनला. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, की उन्हात कसलं गॅदरिंग! पण दुपारची वेळ ठेवल्याचा एक फायदा आमच्या लक्षातच आला नव्हता. प्रेक्षकांत आया आल्या. रात्रीच्या गॅदरिंगला कधीच येऊ न शकणाऱ्या. कुणी भांगलणीवरून थेट, डोक्याला टॉवेल तसाच. सुरुवातीला मागच्या खुर्च्यांवर अवघडून बसल्या. शिपाईमामांनी हाळी दिली, “वैनी, म्होरं या की! म्होरल्या खुर्च्या काय पावण्यांच्या बापाच्या हायेत काय?” पाहुणे शेजारीच होते. तेही हसले.

नाच झाले, पोवाडा झाला, एका मुलानं प्राचार्यांची नक्कल केली ती प्राचार्यांसह सगळ्यांना आवडली. मग एकांकिका. प्रयोग सर्वसाधारण झाला, खोटं कशाला सांगू? पहिली दहा मिनिटं आवाज मागे पोचत नव्हता. एक माइक मध्येच रुसला. दिवा पेटायचा तिथं पेटला नाही. वसुलीवाल्याचं काम करणारा मुलगा ऐन रंगात आला आणि वाक्य विसरला. हप्ता मागायला वस्तीवर उभा आणि तोंडातून शब्द फुटेना. विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजला, त्यालाही ऐकू गेलं नाही. माझे हात घामेजले. इतक्या वर्षांनी तीच जुनी धडधड.

आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई मोठ्यांदा म्हणाल्या, “आरं, तुमी न्हाई भरला तर शेजारणीकडनं घेऊ, म्हण की!”

सगळा मांडव हसला. तो मुलगाही हसला, त्यानं त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग हसू हळूहळू विरत गेलं. कारण ते वाक्य त्या बाईंना कसं ठाऊक, हे एकेकाच्या ध्यानात येत होतं. पुढची पंधरा मिनिटं मांडवात चुळबूळ झाली नाही. उसात लपलेल्या बाईला बाकीच्या चौघी हाका मारतात तेव्हा माझ्या शेजारी बसलेले बँकेतले एक जुने सहकारी चष्मा काढून पुसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नाटक संपलं तेव्हा साडेचार वाजले होते. मुलींना साडेपाचची गाडी मिळाली.

माझ्या एका नाटकानं खेड्यातल्या बायकांचं कर्ज फिटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी तो व्यवहार जन्मभर केला आहे. पण गावाची गोष्ट गावातल्याच मुलीनं, गावासमोर उभं राहून सांगितली आणि ज्यांची ती होती त्यांनी शब्द पुरवला. दोन-चार लाखांचा ऑर्केस्ट्रा आणला तरी हे त्याच्या कार्यक्रमात बसत नाही. बाहेरून आणलेला कलाकार कितीही गुणी असो, तो गावाला आपलं गाणं ऐकवून जातो. त्यानंही पोट भरावं, गणपतीत, जत्रेत त्याला जरूर बोलवावं. वर्षातली ही एक दुपार मात्र मुलांची आहे. ती वाईट झाली तरी त्यांनीच करावी. वाईट नाटक करून दाखवण्याचा हक्क अठराव्या वर्षी मिळाला नाही तर चांगलं नाटक करायची वेळ येतच नाही.

तुमच्या गावातही एखादं छोटं कॉलेज असेल. नाव वर्तमानपत्रात न येणारं. जानेवारीत, कदाचित फेब्रुवारीत, तिथं गॅदरिंग होईल. घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. बक्षीस समारंभ संपला म्हणून उठू नका, शेवटच्या नाचापर्यंत बसा. मुलं चुकतील, तेव्हा फोन खिशातच राहू द्या. संस्थाचालकांपैकी कुणी ओळखीचं असेल तर पत्रिकेचं मागचं पान उघडून त्यांना एवढंच विचारा, की यात मुलांची नावं कुठं आहेत?

आमच्या या वेळच्या पत्रिकेवर त्रेचाळीस नावं होती. एकही सोडायचं नाही असं ठरवलं होतं. लेखिका, नट, नाचणारे, ढोलकीवाला, चहा सांभाळणारे, सगळ्यात शेवटी ‘पडदा’ असं लिहून एक नाव. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलल्या जात असताना तो पडदा ओढणारा मुलगा माझ्याजवळ आला आणि विचारू लागला, “सर, पत्रिका शिल्लक आहेत का?”

मी एक काढून दिली.

“चार मिळतील का?” तो म्हणाला.